विश्लेषण : मुंबईत एका रात्रीपुरते ‘कॅप्सूल’! सीएसएमटीवरील पॉड नागपूरकरांना कितपत सोयीचे?

नागपूर : रात्री नागपूरहून गाडीत बसायचे, सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरायचे, दिवसभरात काम उरकायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. मंत्रालयातील फाइल असो किंवा नोकरीची मुलाखत, विदर्भातील अनेकांचा हा ठरलेला क्रम आहे. हिवाळी अधिवेशनाचे काही दिवस सरकार नागपुरात येते. उरलेले वर्ष विदर्भालाच मुंबई गाठावी लागते. दोन रात्री गाडीत आणि एक दिवस मुंबईत, असा हा हिशेब. तो बिघडतो ‘साहेब आज नाहीत, उद्या या’ या एका वाक्याने.

मग प्रश्न येतो रात्र काढायची कुठे? दक्षिण मुंबईत ऐनवेळी परवडणारी खोली शोधणे हे वेगळेच काम होऊन बसते. अशा वेळी ‘स्लीपिंग पॉड’ किंवा ‘कॅप्सूल हॉटेल’ हा पर्याय पुढे येतो. हे नेमके काय आहे, त्यात काय मिळते, काय मिळत नाही आणि नागपूरहून जाणाऱ्याला ते कधी परवडते, ते समजून घेऊ.

कॅप्सूल हॉटेल म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर एका माणसाला झोपता येईल एवढी बंदिस्त पेटी. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि आत बसता येईल इतकी उंच. आत गादी, दिवा, चार्जिंगची सोय आणि हवा येण्याची व्यवस्था. अशा पेट्या एकावर एक, दोन मजल्यांत रचलेल्या असतात. शौचालय आणि स्नानगृह बाहेर, सर्वांसाठी सामाईक.

रेल्वेच्या साइड अप्पर बर्थला चारही बाजूंनी भिंती आणि एक दार लावले, तर जे तयार होईल ते कॅप्सूलच्या बरेच जवळचे आहे. फरक एवढाच की ही पेटी हलत नाही आणि मधल्या स्थानकावर कोणी उठवत नाही.

ही कल्पना आली कुठून?

जपानमधून. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये टोकियोत ‘नाकागिन कॅप्सूल टॉवर’ ही १४० कॅप्सूलची इमारत उभारली. ती २०२२ मध्ये उतरवण्यात आली. त्याच कुरोकावांनी आराखडा केलेले ‘कॅप्सूल इन ओसाका’ १९७९ मध्ये सुरू झाले. जगातील पहिले कॅप्सूल हॉटेल ते हेच.

त्याचा ग्राहक ठरलेला होता. उशिरापर्यंत काम करून शेवटची लोकल चुकलेला नोकरदार. त्याला हॉटेलची खोली नको होती, फक्त सकाळपर्यंत पाठ टेकायची होती. पर्यटकांना कॅप्सूलचे आकर्षण वाटू लागले ते नंतर. ‘उद्या या’ ऐकून मंत्रालयाबाहेर पडलेल्या नागपूरकराची गरजही यापेक्षा फार वेगळी नाही.

मुंबईत पॉड कुठे आहेत?

मुंबईत २०१७ मध्ये अंधेरीत खासगी पॉड हॉटेल सुरू झाले. रेल्वेने हा प्रयोग केला तो त्यानंतर चार वर्षांनी.

- मुंबई सेंट्रल : भारतीय रेल्वेतील पहिले पॉड हॉटेल. तत्कालीन रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांच्या हस्ते १७ नोव्हेंबर २०२१ रोजी उद्घाटन. ‘आयआरसीटीसी’चा प्रकल्प. एकूण ४८ पॉड. त्यात ३० साधे, १० ‘प्रायव्हेट’, ७ महिलांसाठी राखीव आणि १ दिव्यांगांसाठी.
- सीएसएमटी : मध्य रेल्वेने जुलै २०२२ मध्ये सुरू केलेली सोय. एकूण ४० पॉड. त्यात ३० एका व्यक्तीसाठी, ६ दोघांसाठी आणि ४ कुटुंबासाठी. जागा मेन लाइनच्या प्रतीक्षालयाजवळ. वातानुकूलन, टीव्ही, लॉकर, चार्जिंग, इंटरकॉम आणि फायर अलार्म या सुविधा.

नागपूरकरांसाठी यातील सीएसएमटी महत्त्वाचे. दुरांतो, विदर्भ आणि सेवाग्राम या तिन्ही एक्स्प्रेस गाड्या तिथेच जातात. मुंबई सेंट्रल हे पश्चिम रेल्वेचे स्थानक. तिथे पोहोचायचे तर दादरला लोकल बदलावी लागते. बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीत हा उपद्व्याप नकोसाच.

ऐतिहासिक परिसरात खोलीऐवजी कॅप्सूल का?

सीएसएमटी ज्या भागात आहे तो ‘फोर्ट’. इंग्रजांच्या किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले गेले, नाव मात्र राहिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या सीएसएमटीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. २००४ मध्ये या स्थानकाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ, ओव्हल मैदान आणि मरिन ड्राइव्हचा भाग असलेला व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये त्याच यादीत गेला.

अशा भागात नवे हॉटेल बांधायला जागा नाही आणि जुन्या वास्तूत मनासारखी तोडफोड करता येत नाही. इथे कॅप्सूलची रचना उपयोगी पडते. हॉटेलची खोली करायची तर भिंती उभारा, प्रत्येक खोलीला नळ आणि सांडपाण्याची वाहिनी द्या. कॅप्सूल मात्र कपाटासारखे असते. तयार आणायचे, जमिनीवर उभे करायचे, वीज आणि हवा जोडायची. पाण्याचे काम एकाच ठिकाणी, सामाईक स्नानगृहापुरते. उद्या काढायचे ठरले तर मूळ भिंतीला धक्का न लावता काढता येते.

दुसरे कारण जागेच्या हिशेबाचे. एका साध्या खोलीच्या जागेत दोन मजल्यांत अनेक कॅप्सूल बसतात. जागेचे भाडे तितक्या जणांत वाटले जाते. स्वस्ताई येते ती यातून. म्हणजे ग्राहक पैसे वाचवतो ते जागा सोडून.

नागपूरकरांचे गणित कुठे जुळते?

नागपूर ते सीएसएमटी हे अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर. दुरांतो नागपूरहून रात्री पावणेनऊच्या सुमारास निघते आणि सकाळी आठच्या सुमारास पोहोचते. परतीची विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सातनंतर, दुरांतो सव्वाआठच्या सुमारास. म्हणजे मुंबईत हातात राहतात साधारण बारा तास.

आता यात मंत्रालयाचे वेळापत्रक बसवून बघा. सर्वसामान्यांना मंत्रालयात प्रवेश दुपारी २ नंतर मिळतो. त्यासाठी आता ‘डिजीप्रवेश’ ॲपवर नोंदणी करावी लागते. सकाळी आठला उतरलेल्या माणसाला दोनपर्यंत कुठे तरी थांबायचे असते. दोननंतर रांग, मजला, टेबल आणि सही. साडेपाचपर्यंत झाले तर ठीक, नाही तर मुक्काम.

यातून दोन वेगळ्या गरजा दिसतात.

पहिली, दिवसाची : सकाळी आठ ते दुपारी दोन. आंघोळ, कपडे बदलणे, दोन तास झोप आणि बॅग ठेवायला जागा. मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवारासाठी ही गरज मोठी. रात्रभर गाडीत नीट झोप झाली नसेल, तर सकाळचे हे तीन-चार तास कामाचे ठरतात. मात्र फक्त आंघोळ आणि बॅग एवढेच हवे असेल, तर स्थानकाचे प्रतीक्षालय आणि क्लोक रूम पुरेसे आहे. त्यासाठी पॉडवर खर्च करायची गरज नाही. क्लोक रूमसाठी बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचे तिकीट हवे.

दुसरी, रात्रीची : काम लांबले, उद्या पुन्हा जायचे आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. इथे पॉड सर्वाधिक उपयोगी. मंत्रालय सीएसएमटीपासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. लॉज शोधत उपनगरात जाणे आणि सकाळच्या लोकलच्या गर्दीतून परत येणे, दोन्ही वाचते.

पैशांचा हिशेब कसा करायचा?

हॉटेलचा दर दिवसाचा असतो, पॉडचा बहुतेक ठिकाणी तासांचा. मुंबई सेंट्रलचे पॉड सुरू झाले तेव्हा साध्या पॉडला १२ तासांचे ९९९ आणि २४ तासांचे १,९९९ रुपये होते. प्रायव्हेट पॉडला १,२४९ आणि २,४९९ रुपये. सीएसएमटीवरील पॉड परवानाधारक कंपनी चालवते आणि दर बाजारभावानुसार ठरतात. त्यामुळे ज्या दिवशी जायचे त्या दिवसाचाच दर बघावा.

मुंबई सेंट्रलच्या सुरुवातीच्या दरांवरून तीन गोष्टी लक्षात येतात.

- बारा तासांवर गेलात की पैसे जवळपास दुप्पट. नऊशे-हजारात रात्र निघते, पण चोवीस तासांत ही स्वस्ताई उरत नाही.
- दोघे असतील तर दोन पॉड. ९९९ च्या दराने १,९९८ रुपये, तेही बारा तासांचे. त्या पैशांत दोघांची साधी खोली मिळत असेल, तर खोली घेणेच शहाणपणाचे.
- जीएसटी धरला का, हे विचारावे. १८ जुलै २०२२ पूर्वी दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर कर नव्हता. त्या दिवसापासून १२ टक्के लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या मुक्कामावर तो ५ टक्के आहे. म्हणजे ९०० रुपयांच्या मुक्कामाचे कर धरून ९४५ रुपये.

रिटायरिंग रूम आणि पॉड यात फरक काय?

रिटायरिंग रूम ही रेल्वेची जुनी सोय. खोली किंवा डॉर्मिटरीतील खाट, असे दोन प्रकार. बुकिंगसाठी कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो आणि आयआरसीटीसीवरून ऑनलाइन बुकिंग करता येते. रेल्वेच्या रिटायरिंग रूम, प्रतीक्षालय आणि क्लोक रूम या सेवांवर १५ जुलै २०२४ पासून जीएसटी नाही.

त्यामुळे प्रवासाची तारीख पक्की असेल, तर आधी रिटायरिंग रूम बघावी. अडचण एकच. ‘उद्या या’ हे संध्याकाळी पाच वाजता कळते आणि तोवर खोल्या गेलेल्या असतात. पॉडचे बुकिंग हॉटेलसारखे असल्याने ऐनवेळी तो पर्याय उरतो.

आत झोप लागते का?

हे कॅप्सूलच्या रचनेवर आणि शेजाऱ्यावर अवलंबून आहे. उजेडाचा त्रास नसतो, कारण पेटी बंद असते. आवाजाचे तसे नाही. भिंती पातळ आणि सगळ्या पेट्या एकाच सांगाड्यावर, त्यामुळे शेजाऱ्याचा गजर, घोरणे किंवा वरच्या पॉडमधील हालचाल जाणवते. शिवाय स्थानकातील मुक्काम म्हणजे गाड्यांच्या घोषणा आल्याच. कानात घालायचे बोळे दहा-वीस रुपयांत मिळतात, ते सोबत ठेवावेत.

हवेचे गणितही समजून घ्यावे. पेटी लहान असल्याने आतली हवा सतत बदलत राहिली पाहिजे. त्यासाठी झरोका आणि पंखा असतो. आत शिरल्यावर सर्वात आधी झरोक्यासमोर हात धरून हवा येते का, हे बघावे. येत नसेल तर लगेच दुसरा पॉड मागावा.

दाराचा प्रश्नही महत्त्वाचा. अनेक कॅप्सूल हॉटेलांत दाराऐवजी पडदा किंवा सरकते झाकण असते. पैसे, मोबाइल आणि मूळ कागदपत्रे लॉकरमध्येच ठेवावीत. मंत्रालयातील फाइल किंवा मुलाखतीची प्रमाणपत्रे सोबत असतील, तर लॉकर केवढा आहे, हे आधीच विचारावे.

पॉड कोणी टाळावा?

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी वरचा पॉड घेऊ नये, कारण शिडी चढावी लागते. बंद जागेत गुदमरल्यासारखे होणाऱ्यांनी, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हा पर्याय टाळलेला बरा. लहान मुलांसह कुटुंब असेल तर सीएसएमटीवरील कुटुंबाचे पॉड आहेत, पण ते फक्त चार. एकट्या जाणाऱ्या महिलेने महिलांसाठी वेगळी रांग किंवा वेगळे स्नानगृह आहे का, हे फोन करून विचारावे.

उपचारासाठी जाणाऱ्यांनी तर पॉडचा विचारच करू नये. विदर्भातून टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाला एक रात्र पुरत नाही. तपासण्या आणि अहवालांत आठवडे जातात. तासांच्या दराने राहिले तर पैसे पाण्यासारखे जातील आणि रुग्णाला आराम मिळणार नाही तो वेगळाच. त्यांच्यासाठी दादर पूर्वेला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर धर्मशाळा बांधत राहिले. त्यांच्या नावाच्या या वास्तूत आज टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे निवासाची चौकशी आधी करावी.

बुकिंगपूर्वी हे तपासा

- दर १२ तासांचा की २४ तासांचा? वेळ चेक-इनपासून मोजतात की ठरावीक वेळेपासून?
- जीएसटी धरून एकूण किती? गाडी उशिरा आली तर बुकिंग पुढे सरकते का?
- खालचा पॉड मिळेल का?
- टॉवेल, साबण आणि गरम पाणी दरात आहे का?
- मोठी बॅग ठेवायची सोय आहे का, की क्लोक रूमचे वेगळे पैसे?
- फायर अलार्म आणि बाहेर पडायचा मार्ग कुठे आहे? पोहोचल्यावर तो मार्ग एकदा चालून बघा.
- ओळखपत्र लागतेच. आधारची प्रत द्यायची असेल, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

थोडक्यात काय?

कॅप्सूलकडे स्वस्त हॉटेल म्हणून बघितले तर निराशा होते. ते झोपेचे बारा तास विकते, खोली नाही. एकटा माणूस, एक बॅग, एक रात्र आणि सकाळी जवळच काम, एवढ्या चार अटी जुळल्या तर फोर्टमध्ये यापेक्षा सोयीचे काही मिळणे अवघड. यातील एक जरी अट बदलली, सोबत कोणी आले, मुक्काम वाढला किंवा प्रकृती साथ देत नसेल, तर रिटायरिंग रूम, साधी खोली किंवा धर्मशाळा हेच पर्याय आधी बघावेत. आणि मंत्रालयातील काम असेल, तर परतीचे तिकीट काढतानाच रात्रीच्या मुक्कामाचा एक नंबर मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा. ‘उद्या या’ कानावर पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा ते बरे.