ताऱ्याचा माग आणि चित्रांतील डाग

२२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाचीं छायाचित्रें घेण्यासाठीं नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गास आले होते. तो किल्ला त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. ‘मेलपॉमिनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते, आणि खग्रास स्थिति टिकली अवघीं दोन मिनिटें. तेजोमेघाचें छायाचित्र घेणाऱ्याची अडचण याच्या उलट. त्याला मंद प्रकाश सांठविण्यासाठीं तासन्‌तास एकाच जागीं दृष्टि रोखावी लागते, आणि आकाश तर स्थिर राहत नाहीं.

पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून तारे दर चार मिनिटांस एक अंश, म्हणजे सेकंदास पंधरा विकला, सरकतांना दिसतात. दुर्बिणीच्या बैठकीचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखून ती त्याच वेगानें ताऱ्यांमागून फिरवितात. रत्नागिरीचा अक्षांश सुमारें १७. तेथें ध्रुव क्षितिजापासून तितकाच वर, पुष्कळदां डोंगराच्या वा माडांच्या आड असतो. अक्ष किंचित् चुकला, दांतेचक्र किंचित् अडखळलें, कीं ठिपक्याची रेघ होते. पूर्वीं निरीक्षक मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून हातानें स्क्रू फिरवीत बसे. आतां तें काम दुसरा लहान कॅमेरा व संगणक करतात. यालाच ऑटोगायडिंग म्हणतात.

परंतु माग अचूक लागला कीं दुसरी पीडा उद्भवते. कॅमेऱ्यांतील कांहीं पिक्सेल उष्णतेनें आपोआप उजळतात; कोंकणांतील उबदार रात्रीं हा दोष अधिकच. दर चित्रांत तारा ठराविक पिक्सेलवर आणि डागही ठराविक पिक्सेलवर. तेव्हां चाळीस चित्रें एकावर एक ठेवलीं तरी डाग जागचा हालत नाहीं. मग खरा मंद तारा कोणता आणि खोटा कोणता, हें कसें ओळखावें?

त्यावर उपाय डिदरिंगचा. दोन चित्रांच्या मध्यें दुर्बीण मुद्दाम थोडी हलवावयाची, आणि तीही दर वेळीं निराळ्या दिशेनें. एकाच दिशेनें सरकत गेल्यास डागांच्या तिरप्या रेघा उमटतात. नंतर चित्रें ताऱ्यांवरून जुळविलीं कीं तारे एकत्र येतात व डाग विखुरतात. आणि विखुरलेला डाग एखाद्याच चित्रांत आढळल्यामुळें संगणक तो गाळूं शकतो.

हलवावें किती? मुख्य चित्रांत सुमारें दहा पिक्सेल पुरेत. मुख्य दुर्बिणीचें नाभीय अंतर ४०० व मार्गदर्शक दुर्बिणीचें १२० मिलिमीटर असून दोन्हीं कॅमेऱ्यांचे पिक्सेल सारख्याच आकाराचे असतील, तर मार्गदर्शकाचे ३ पिक्सेल म्हणजे मुख्य चित्रांतील १०. हा हिशेब न करतां आंकडा घातल्यास हालचाल अपुरी तरी होते किंवा अतिरेकी तरी.

हलविल्यावर लागलीच पुढील चित्र सुरू करूं नये. मार्गदर्शक तारा नव्या जागीं, समजा दोन विकलांच्या आंत, दहा सेकंद स्थिर राहूं द्यावा. ही मर्यादा फार कडक ठेवली तर वाऱ्याच्या रात्रीं संगणक नुसता वाट पाहत राहतो. चित्रें पांच मिनिटांचीं असल्यास प्रत्येकानंतर हलवावें. अर्ध्या मिनिटाचीं असल्यास तिसऱ्या-चवथ्यानंतर. कारण प्रत्येक थांब्याची किंमत वेळानें द्यावी लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांत गेल्यावर कोंकणांत निरभ्र रात्री मोजक्याच उरतात.