कापूस घरात, व्याज दारात

दिवाळी सरली की टेंभुर्णीत, तसंच जाफराबाद तालुक्यातल्या कुठल्याही गावात, एक वाद रंगतो: कापूस आत्ता विकायचा की ठेवायचा? या वादात काही समजुती अशा ठाम असतात की त्यांचा हिशेब कुणी मागतच नाही.

'माल घरात आहे, मग नुकसान कसलं?' ही सगळ्यात पक्की. समजा 10 क्विंटल कापूस आणि भाव 8,000. म्हणजे 80,000 रुपये घरात अडकले. डोक्यावर महिना शेकडा दोन रुपयांचं खासगी कर्ज असेल तर ते वर्षाला 24 टक्के पडतं. 80,000 वर महिन्याला 1,600, पाच महिन्यांचे 8,000. भाव क्विंटलमागे 800 रुपयांनी चढला तरी तुम्ही जिथल्या तिथेच. वाळून घटलेलं वजन, आगीची धास्ती आणि पोराबाळांच्या अंगाला सुटलेली खाज वेगळीच. कर्ज नसेल तर थांबा खुशाल. जुगार तोही आहे, पण झेपणारा.

'मागे थांबले त्यांचं भलं झालं.' झालं, 2021-22 च्या हंगामात. कापूस 10,000 च्या वर गेला. तोच आकडा मनात धरून पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस राखला आणि उन्हाळ्यात पडत्या भावात विकला. सोयाबीनही ऑगस्ट 2021 मध्ये 10,000 ला टेकलं होतं, पण तेव्हा बहुतेकांच्या घरात विकायला सोयाबीनच नव्हतं. नवा माल बाजारात येताच भाव निम्म्यावर आला.

'एवढा खर्च झालाय, आता सोडायचं कसं?' फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, याच विचारातून ठेवली जाते. दोन पाणी दिले की अजून एक वेचणी निघेल, असं वाटतं. निघतेही थोडीफार, पण त्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामात तीच शेतात उतरते. म्हणून तर कृषी विभाग फरदड घेऊ नका म्हणतो. खत-फवारणीचा पैसा कपाशी ठेवली काय नि उपटली काय, परत येत नाही. बघायचं ते एवढंच: इथून पुढे किती लागणार आणि किती मिळणार. दुकानात न खपणारा माल धरून बसणाऱ्यालाही हेच लागू.

'शेडनेटमध्ये पैसाच पैसा.' शेडनेटमध्ये बियाणे कंपनीसाठी होणाऱ्या बीजोत्पादनात ज्याचं साधतं त्याचं साधतंही. पण उगवण किंवा शुद्धतेच्या चाचणीत बियाणं नापास झालं तर कंपनी लॉट नाकारते. ज्याचा लॉट गेला, तो पारावर सांगत बसत नाही. त्याला मुद्दाम गाठून विचारा.

आणि सोयाबीन किंवा तूर थांबवायचीच असेल, तर सावकाराकडे जाण्याआधी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून आहे. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, वर्षाला 6 टक्के व्याजाने मिळतं.