गोळ्यांची पिशवी ओतल्यावर

जतसारख्या दुष्काळी तालुक्यात औषधांनी बिघडणारी म्हाताऱ्या माणसाची किडनी वाचवायची, तर मिरजेच्या डायलिसिसची वाट न बघता सुरुवात त्याच्या गोळ्यांच्या पिशवीपासून करायला हवी. पिशवी टेबलावर ओतली की बहुतेकदा बीपीची टेल्मिसार्टन निघते आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ॲसेक्लोफिनॅक. पाकिटं दोनच, पण मागची बारीक अक्षरं वाचावीत: बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही पुष्कळदा असतं. म्हणजे औषधं तीन झाली. किडनीत रक्त आणणारी बारीक नळी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते; दुखण्याची गोळी नेमकं तेच अडवते. रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टन सैल करते आणि तिसरं औषध अंगातलं पाणी कमी करतं. एरवी हे निभावून जातं. एप्रिल-मेच्या उन्हात जुलाब-उलट्या लागल्या की गाळणीतला दाब पडतो आणि काही दिवसांत क्रिएटिनिन चढतं.

अहवाल तर नॉर्मल होता, असं घरचे म्हणतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि उतारवयात स्नायूच झडलेले असतात. ७५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर वय आणि लिंगही धरणाऱ्या २०२१च्या सूत्राप्रमाणे किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ५२ मिलिलिटर भरते. मग बीपीचीच गोळी बंद करावी का? कायमची मुळीच नाही. वाढलेला बीपी किडनीला पोखरतो आणि मधुमेहात लघवीतून प्रथिनं जात असतील तर हीच गोळी तिला जपते. ती थांबवायची फक्त जुलाब-उलट्यांच्या दिवसांपुरती, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

कायमची थांबवायची ती दुखण्याची गोळी. त्यावरचा खरा आक्षेप दुखण्याचा आहे, आणि तो रास्त आहे. ज्याला शेळ्यांमागे चालायचं आहे त्याला ‘सहन करा’ सांगणं निर्दयपणाचं. पण पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅकचं मलम (ते रक्तात फार कमी उतरतं), मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, हातात काठी हे आधी नेटाने करून बघायला काय हरकत आहे? मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या याच डायक्लोफिनॅकने किडन्या निकामी होऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ साली ते जनावरांसाठी बंद झालं. माणसांसाठी मात्र त्याच्या गोळ्या आजही सहज हातात पडतात. दुखण्याची गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावं. लघवी कमी झाली, अंगावर सूज आली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बंद केलेल्या गोळीचं नाव चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावं आणि मेडिकलच्या काउंटरवर दर वेळी ती चिठ्ठी दाखवावी, कारण तेच औषध दुसऱ्या नावाच्या पाकिटातूनही घरी येतं.