सुट्टीत गिरणी बघायला

एक दिवस मोकळा मिळाला तर पोरांना घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न नांदेडकरांना फारसा पडत नाही. सचखंड गुरुद्वारा गावातच आहे, कंधारचा किल्ला आहे, माहूर आहे, पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा आहे. लातूरकर खरोशाची लेणी गाठतात, नाहीतर उदगीरचा किल्ला. म्हणजे मराठवाड्यातलं मूल देव बघतं, राजे बघतं आणि पाणी बघतं, ज्या वर्षी असेल त्या वर्षी. पण ज्या यंत्रांवर इथल्या कित्येक आजोबांची घरं चालली ती यंत्रं त्याला कुठेच दिसत नाहीत. मग त्याची समजूत अशी होते की इथे आधी किल्ले होते आणि त्यानंतर एकदम दुष्काळच आला. मधली शंभर वर्षं गळून पडतात. नांदेडला गिरणीचं आणि लातूरला रेल्वेचं संग्रहालय हवं, ते या गळालेल्या शंभर वर्षांसाठी.

नांदेडची उस्मानशाही मिल शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाची. तिच्या भोवतालच्या मुलखात गावरानी कापूस पिके. हा देशी कापूस, पण देशी जातींमध्ये त्याचा धागा लांब, म्हणून त्याला नाव होतं. 1974 साली देशभरातल्या आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली, ‘नांदेड टेक्स्टाईल’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे बंद पडली. याच गावातल्या कापूस संशोधन केंद्रानं ‘एनएचएच 44’ हे संकरित वाण दिलं. शेतकऱ्यांनी त्याचं ‘नांदेड 44’ केलं आणि ते दूरदूर पेरलं. बियाणं, पीक, सूत आणि कापड ही सगळी साखळी एकाच गावात होती. आज कापूस पिकतोच, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, आणि त्या गाठी सूत व्हायला बाहेर जातात. मराठवाड्याचं मागासलेपण जणू काळ्या मातीतूनच उगवलं, असं आपण बोलतो. गिरणीची जागा त्याविरुद्धचा पुरावा आहे. इथे उद्योग आला होता आणि तो गेला, आणि जे गेलं त्याची कारणं शोधता येतात.

लातूरची गोष्ट तर याहून मजेची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. त्याची युक्ती साधी होती: कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग इंजिन जड असलं तरी त्याचं वजन अनेक चाकांवर वाटलं जातं, हलके रूळ चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. ही गाडी इंग्रजी मुलखातल्या बार्शीतून निजामाच्या हद्दीत शिरली आणि 1911 साली लातूरला पोचली. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या मधली दुमजली इमारत 1917 सालची. तिच्याभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. गाडी आल्यावर सहा वर्षांत बाजारपेठेनं असा आकार घ्यावा, हा निव्वळ योगायोग मानायला मन धजत नाही. पुढे या शतकाच्या सुरुवातीला तो अरुंद मार्ग टप्प्याटप्प्यानं रुंद झाला. आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिल्यांदा लातूरला आली, ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी अशी. म्हणजे जवळपास कॅलथ्रॉपच्याच वाटेनं. लातूरच्या पोरांना जलदूत ठाऊक असते, वाट कुणाची ते ठाऊक नसतं.

असलं संग्रहालय काचेच्या कपाटांचं झालं तर मुलं दहा मिनिटांत खाऊ मागतील, आणि त्यांचं चुकणार नाही. यंत्र चाललं पाहिजे. अमेरिकेत लोवेल इथे 1978 पासून जुन्या कापड गिरण्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या बूट मिलमध्ये जुने माग आजही चालू करून दाखवतात, आणि आत जाताना कानात घालायला बोळे देतात. तो आवाज हाच तिथला खरा धडा. नांदेडला दोन लाटांची हातचरकी ठेवता येईल: मुलीनं दांडा फिरवायचा, रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे राहते. लातूरला जमिनीवर अडीच फुटी, मीटरगेज आणि ब्रॉडगेज असे तीन रूळ शेजारी शेजारी टाकावेत. मूल अडीच फुटीत आडवं झोपायला जाईल, मावणार नाही. ब्रॉडगेजमध्ये पाय पसरून मावेल. गेज म्हणजे काय, हे मग वेगळं समजावावं लागत नाही. आज असं काही बघायचं तर नांदेडकराला नागपूरच्या मोतीबागेतलं, 2002 सालचं नॅरोगेज संग्रहालय गाठावं लागतं.

यावर पहिला आक्षेप निजामाच्या नावाचा. रझाकारांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांनी उस्मानशाहीची आरती का ओवाळायची? ओवाळू नये. निजामाचं नाव, 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन आणि गिरणीतल्या कामगाराचा पगार हे सगळं एकाच छपराखाली यावं. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिलढ्याआधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करत होते, हेही तिथेच कळलं तर बरं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गिरणी म्हणजे काही रम्य जागा नव्हे. कापसाची धूळ छातीत बसायची, कान जायचे. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायची रीत जगभरच्या गिरण्यांत होती आणि त्यातून रोगही पसरत. हे लपवून गोडगोड दाखवायचं असेल तर संग्रहालय न केलेलं बरं. मुलाच्या हातात धोटा द्यावा, ते भोक दाखवावं आणि रीत सांगावी. पुढचे प्रश्न ते आपण होऊन विचारील.

पैशाचा आक्षेप मात्र उरतोच. जागा असेल तर कारखाना काढा, पोरांना नोकऱ्या द्या, असं कुणी म्हटलं तर त्याला हसण्यासारखं काही नाही. पण संग्रहालयाला सगळी जमीन लागतच नाही. एक शेड, आठ-दहा यंत्रं, हजेरीपटाची काही पानं आणि भोंगा एवढ्यानं सुरुवात होते. मुंबईत 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी मिटत गेली, आणि गिरण्यांच्या संग्रहालयाचं बोलणं सुरू झालं तोवर बरेचसे साचे किलोच्या भावानं भंगारात गेले होते. भंगारातून यंत्र एखादेवेळी परत आणता येईल. पण तुटलेला धागा साचा न थांबवता कसा सांधायचा, हे ज्या बोटांना ठाऊक आहे ती बोटं आता सत्तरी ओलांडलेली आहेत.