वावटळ मंडपात शिरते तेव्हा
(लेखमाला : आपल्या डोक्यावरची हवा, भाग 9)

गेल्या भागात वळवाचे ढग कसे चढतात ते पाहिलं. आज ढगाविना उठणाऱ्या वाऱ्याकडे वळू.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी मोकळ्या मैदानावर वावटळ पाहिली नाही असा माणूस विरळा. हवा 38 अंशांवर असते, पण उघडी माती त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते. मातीलगतचा हवेचा थर हलका होतो आणि एखाद्या ठिकाणाहून वर उसळतो. त्याची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा धावते. तिच्यात थोडी फिरकी आधीपासूनच असते. मध्याकडे येताना ती आवळत जाते आणि वेग वाढतो, गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात अंगाशी घेतल्यावर वाढतो तसा. ही फिरकी आपल्याला दिसते ती धुळीमुळे. फरशीच्या पटांगणावर किंवा डांबरावर तीच वावटळ जवळजवळ अदृश्य असते, म्हणून गर्दी बेसावध सापडते.

टोर्नेडो याहून वेगळा. तो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. 17 मार्च 1978 रोजी तो दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात उतरला आणि काही मिनिटांत 28 माणसं गेली. महाराष्ट्रात असं सहसा घडत नाही. पण जोरदार वावटळ आणि दुबळा टोर्नेडो यांच्या वाऱ्याचा वेग एकमेकांना गाठू शकतो. अमेरिकेत फ्लॅगस्टाफच्या जत्रेच्या मैदानात 14 सप्टेंबर 2000 रोजी वावटळ शिरली. तंबू आणि स्टॉल उडाले, काही जण जखमी झाले. नुकसानीवरून वाऱ्याचा वेग ताशी 120 किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज केला गेला. टोर्नेडोच्या मोजपट्टीची सर्वांत खालची पायरी ताशी 105 ते 137 किलोमीटरची आहे.

वावटळीत सापडलं की आधी पायाच्या पोटऱ्यांना वाळू टोचते, मग डोळे मिटावेच लागतात. वारा एका बाजूने ढकलतो आणि क्षणात दुसऱ्या बाजूने. अंगावर एवढंच येतं, आणि मोकळ्या मैदानात ते सहसा तेवढ्यावरच संपतं. माणसाला मारतं ते डोक्यावर उभं केलेलं काहीतरी.

हिशेब करून पाहा. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरच्या फलकावर दर चौरस मीटरला 45 ते 50 किलो वजनाएवढा दाब देतो. 40 बाय 20 फुटांच्या होर्डिंगवर तो साडेतीन टनांच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. 17 एप्रिल 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात वादळी पावसापासून आडोसा म्हणून होर्डिंगखाली थांबलेल्यांवर ते कोसळलं आणि पाच जण गेले. त्याआधी आठच दिवस, 9 एप्रिलला, अकोला जिल्ह्यातल्या पारसला मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर झाड पडून सात भाविक गेले. हे दोन्ही वारे वावटळीचे नव्हते, वादळी पावसाचे होते. पण दोन्हीकडे माणसं आडोसा शोधूनच तिथे उभी होती, आणि मला हे फार अस्वस्थ करतं.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे लग्नसराई, जत्रा, प्रदर्शनं, सभा. मंडपाच्या तीन बाजूंना कनात आणि चौथी उघडी असली की वारा आत शिरून अडतो. छताला खालून दाब बसतो, वरून वाहणारा वारा ते ओढतो, आणि बांबू मुळासकट उपटून येतो. म्हणून मंडपवाल्याने खांब नुसते रोवून भागत नाही. खाली खेचणारे ताण जमिनीतल्या खुंट्यांना बांधायला हवेत. वारा सुटताच कनाती सोडून द्यायला एक माणूस नेमलेला असावा. धूळ फिरताना दिसली की होर्डिंग, पत्रे आणि खांब यांच्यापासून दूर व्हा. ती जात असेल त्या दिशेला न पळता आडवं चालत बाजूला व्हा. लेकरू बरोबर असेल तर त्याचं तोंड आपल्या अंगाशी घेऊन पाठमोरं बसा. बहुतेक वावटळी काही मिनिटांतच विरतात.

पुढच्या भागात : गारा.