दहशतवादाचा आरोप असलेल्या माणसाला दुसरा देश आश्रय का देतो?

८ जुलै १९१०. फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात 'मोरिया' नावाची ब्रिटिश बोट उभी होती. बोटीतल्या एका कैद्याने शौचकुपाच्या लहानशा खिडकीतून समुद्रात उडी मारली आणि पोहत फ्रान्सचा धक्का गाठला. कैद्याचं नाव विनायक दामोदर सावरकर. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाला मदत करणं, सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारणं असे आरोप त्यांच्यावर होते. खटल्यासाठी त्यांना लंडनहून मुंबईला नेलं जात होतं.

सावरकरांचा हिशेब सरळ होता. फ्रान्सच्या जमिनीवर पाय पडला की ब्रिटिश पोलिसांचा अधिकार संपला. फ्रान्सच्या न्यायालयाने परवानगी दिल्याशिवाय आपल्याला नेता येणार नाही.

आज एखादा आरोपी कॅनडात, इंग्लंडमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये सापडला आणि त्याला परत पाठवायला उशीर झाला की सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरतो, 'हे देश दहशतवाद्यांना पाठीशी का घालतात?' या प्रश्नाचं उत्तर मार्सेलिसच्या त्या धक्क्यापासून शोधता येतं.

मार्सेलिसमध्ये पुढे काय झालं?

धक्क्यावरच्या फ्रेंच पोलिसाने सावरकरांना पकडलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्समध्ये यावरून मोठा गदारोळ झाला. समाजवादी नेते आणि कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे यांनी आवाज उठवला. प्रत्यार्पणाची कायदेशीर प्रक्रिया न करता आमच्या भूमीवरून माणूस नेलाच कसा, असा फ्रान्सचा आक्षेप होता. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं.

२४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. सावरकरांना ताब्यात देताना अनियमितता झाली हे लवादाने मान्य केलं, पण त्यांना फ्रान्सला परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असं सांगितलं. तोपर्यंत मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा, म्हणजे ५० वर्षांची शिक्षा सुनावून झाली होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सावरकर दोषी आहेत की नाहीत, हा प्रश्न हेगमध्ये कुणी विचारलाच नाही. वाद होता तो माणूस परत देण्याच्या पद्धतीचा. आजही बहुतेक प्रकरणांत तेच होतं.

दहशतवादी कोण, हे कोण ठरवतं?

पुणे जिल्ह्यातल्या नसरापूरच्या लोकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. त्यांच्याच भोर तालुक्यातल्या उत्रोळीत १८३१ साली उमाजी नाईक पकडले गेले. कंपनी सरकारच्या कागदोपत्री ते दरोडेखोर होते, आज ते आद्यक्रांतिकारक आहेत. त्यांना आसरा देईल असं दुसरं राज्य नव्हतं. पुण्यात त्यांना फाशी झाली.

पुढच्या पिढ्यांतल्या काहींना असा देश मिळाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले. ब्रिटिशांच्या लेखी ते धोकादायक होते, त्यामुळे भारताचे दरवाजे त्यांना बंद झाले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झालं. व्हाइसरॉय हार्डिंगवरच्या बॉम्बहल्ल्याच्या प्रकरणात हवे असलेले रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला गेले. ब्रिटनच्या दबावाखाली जपानने त्यांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा टोकियोतल्या एका बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवून ठेवलं. १९२३ मध्ये ते जपानचे नागरिक झाले.

मग हा नियम आला कुठून?

१८३३ मध्ये बेल्जियमने कायदा केला की राजकीय गुन्ह्यासाठी कुणालाही परदेशाच्या हवाली करायचं नाही. सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्याला त्याच सत्तेच्या हाती देणं म्हणजे न्याय नव्हे, असा त्यामागचा विचार. हा नियम युरोपभर पसरला.

पण वीसेक वर्षांतच त्याला मुरड घालावी लागली. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या रेल्वेमार्गात स्फोटकं पेरल्याचा आरोप असलेले लोक बेल्जियममध्ये सापडले आणि १८५६ मध्ये बेल्जियमनेच अपवाद जोडला. राष्ट्रप्रमुखाचा किंवा त्याच्या कुटुंबीयांचा खून हा राजकीय गुन्हा धरला जाणार नाही. त्यानंतर ही सूट आक्रसतच गेली. बॉम्बस्फोटांबाबतच्या १९९७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार, 'स्फोट राजकीय हेतूने केला' एवढ्या कारणावरून प्रत्यार्पण नाकारता येत नाही.

निर्वासितांचा कायदा दहशतवाद्यांना संरक्षण देतो का?

नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम १ फ मध्ये स्पष्ट लिहिलंय की युद्धगुन्हे किंवा गंभीर बिगर-राजकीय गुन्हा केल्याचं मानायला सबळ कारण असेल, तर त्या माणसाला निर्वासिताचा दर्जा मिळत नाही. इथे कोर्टात दोष सिद्ध झालेला असण्याचीही गरज नाही.

पण नुसता आरोप पुरेसा नसतो. हुकूमशाही सरकारं आपल्या विरोधकांवर, पत्रकारांवर दहशतवादाचे गुन्हे दाखल करतात. म्हणून आश्रय देणारा देश पुरावे स्वतः तपासतो. आरोपपत्र कच्चं असेल, तर फायदा आरोपीला होतो.

आश्रय नाकारला, तरी माणूस तिथेच कसा राहतो?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आश्रय देणं वेगळं आणि परत न पाठवणं वेगळं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करार सांगतो की जिथे छळ होण्याचा खरा धोका आहे, तिथे कुणालाही पाठवायचं नाही. माणूस कितीही धोकादायक असला तरी या नियमाला अपवाद नाही.

खलिस्तानवादी चळवळीशी जोडल्या गेलेल्या चहल यांचं प्रकरण याचं ठळक उदाहरण. ब्रिटनने त्यांना आश्रय नाकारला होता आणि राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन भारतात पाठवायचं ठरवलं होतं. १९९६ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ते अडवलं, कारण पंजाब पोलिसांच्या हातून छळ होण्याचा धोका त्याला खरा वाटला. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी अजून दिलेली नाही. परदेशी कोर्टात आरोपींचे वकील नेमकं यावर बोट ठेवतात.

मग आरोपी परत येतात तरी कसे?

अबू सालेमचं उदाहरण घ्या. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. आरोपी सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून भारताने लेखी हमी दिली की फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही. त्यानंतर २००५ मध्ये तो भारतात आला. २०१७ मध्ये मुंबईच्या टाडा कोर्टाने त्याला जन्मठेप सुनावली, पण २५ वर्षं झाल्यावर दिलेला शब्द पाळावा लागेल, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये केंद्राला बजावलं. आपलं माणूस गमावलेल्या घरांना हा सौदा कडू वाटला तर नवल नाही. पण ती हमी नसती, तर खटलाच उभा राहिला नसता.

२६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणानेही अमेरिकेत 'भारतात माझा छळ होईल' असा युक्तिवाद केला. तिथल्या न्यायालयांनी तो मानला नाही आणि १० एप्रिल २०२५ ला राणा दिल्लीत पोचला.

प्रत्येक वेळी कारण कायद्याचंच असतं का?

अजिबात नाही. काही देश आरोपीला आश्रय देत नाहीत, लपवतात. दाऊद इब्राहिम कराचीत असल्याचं भारत वर्षानुवर्षं सांगतोय, पाकिस्तान नाकारतोय. तिथे ना अर्ज, ना सुनावणी, ना निकाल. ते निव्वळ राजकारण आहे. त्याची गल्लत कोर्टात चालणाऱ्या प्रकरणाशी केली, की दोन्ही कळत नाहीत.

भारताने असा आश्रय कधी दिलाय?

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरीही नोव्हेंबर १९९० मध्ये म्यानमारच्या दोन विद्यार्थ्यांनी खोटा बॉम्ब दाखवून थाई एअरवेजचं विमान कोलकात्याला आणलं, तेव्हा भारताने त्यांना तिथल्या लष्करी राजवटीच्या हवाली केलं नाही. काही महिन्यांत त्यांना जामीन मिळाला. त्यातल्या एकाने पुढे दिल्लीतून म्यानमारबद्दलच्या बातम्या देणारी वृत्तसंस्था सुरू केली. २००३ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.

विमान पळवणं हा गुन्हाच होता. पण त्यांना परत पाठवलं तर काय होईल, हे भारताने पाहिलं. भारताने मागितलेल्या आरोपीबाबत लिस्बन किंवा लंडनमधलं कोर्टही तेच पाहतं. पुरावा किती पक्का आहे, खटला किती वर्षं चालेल, कोठडीत काय होईल. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं परदेशात नसतात, आपल्याच पोलीस ठाण्यांत, कोर्टांत आणि तुरुंगांत असतात.