क्लोव्हरची हिरवळ

क्लोव्हरची हिरवळ म्हणजे घराभोवतालच्या मोकळ्या जागेत गवताऐवजी, किंवा गवतात मिसळून, पांढरे क्लोव्हर लावून तयार केलेले हिरवे आच्छादन होय. समशीतोष्ण प्रदेशांत ही पद्धत जुनी आहे. कमी खत व कमी कापणी लागत असल्यामुळे ती अलीकडे पुन्हा लोकप्रिय झाली आहे. मराठवाड्यासारख्या उष्ण व अवर्षणप्रवण प्रदेशात मात्र हे क्लोव्हर प्रायः हिवाळ्यापुरतेच तग धरते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हवामान, जमीन व पाणी लक्षात घेऊन क्लोव्हरची निवड, लागवड आणि त्याचे स्थानिक पर्याय यांचा विचार या लेखात केला आहे.

वनस्पतीची ओळख

पांढऱ्या क्लोव्हरचे शास्त्रीय नाव ट्रायफोलियम रेपेन्स असे आहे. ही शेंगा धरणाऱ्या कुलातील बहुवर्षायू वनस्पती मूळची यूरोप व मध्य आशियातील असून भारतात ती हिमालयाच्या उतारांवर व निलगिरीत आढळते. तिचे खोड जमिनीसरपट वाढते व पेरापेराला मुळे फुटतात. पान तीन पर्णिकांचे आणि फुलोरा पांढरा, गोंड्यासारखा असतो. मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. म्हणून या हिरवळीला युरिया द्यावा लागत नाही.

पाश्चात्त्य देशांत हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळण्याची रीत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी हे तणनाशक प्रचारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवत राखते. त्यामुळे क्लोव्हरही मरू लागले आणि हळूहळू त्याची गणना तणांत होऊ लागली. वनस्पती तीच राहिली, औषध मात्र बदलले.

महाराष्ट्रातील पशुपालकाला क्लोव्हर अगदीच अनोळखी नाही. रब्बीत वैरणीसाठी पेरले जाणारे बरसीम हे याच प्रजातीतील मिसरी क्लोव्हर होय. परंतु ते वर्षायू असून उंच वाढते, त्यामुळे हिरवळीस निरुपयोगी ठरते. ‘घास’ म्हणून परिचित असलेला लसूणघास तर निराळ्याच प्रजातीतील आहे. बी विकत घेताना ‘क्लोव्हर’ एवढ्या शब्दावर न विसंबता पाकिटावरील शास्त्रीय नाव वाचून घ्यावे.

हवामान, जमीन आणि पाणी

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसपर्यंत व कधी त्याच्याही पुढे जातो. क्लोव्हरला २० ते २५ अंश तापमान मानवते आणि त्याची मुळे उथळ असतात. त्यामुळे होळीनंतर ते सुकू लागते आणि वैशाखात बहुधा नाहीसे होते.

जमीनही फारशी अनुकूल नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असते, तर क्लोव्हरला किंचित आम्ल ते उदासीन माती लागते. चुनखडीच्या जमिनीत लोह उपलब्ध न झाल्याने कोवळी पाने पिवळी पडतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात व त्यात वरवरची मुळे तुटतात. नव्या वसाहतींत तर भूखंडावर मुरमाचा भराव असतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी येते, पण घरोघरी नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर दर चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे ५० चौरस मीटरच्या अंगणाला रोज २५० लिटर पाणी लागेल. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. म्हणजे एवढी हिरवळ जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिते. टँकर मागवून हिरवळ जोपासणे कितपत योग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. हिशेब मात्र आधी करावा.

या शहराला पाण्याची काटकसर नवी नाही. मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहर बांधून येथे पाणी आणले. बीबी का मकबऱ्याची रचना चारबाग पद्धतीची आहे. पण मुघल बागेच्या मूळ कल्पनेत फळझाडे, फुलझाडे व वाहते पाणी होते, कापलेल्या गवताचा गालिचा नव्हता. ताजमहालासमोरची हिरवळसुद्धा लॉर्ड कर्झनच्या काळातील आहे.

हरळी व रानमेथी

येथील हवामानात टिकणारे आच्छादन म्हणजे हरळी, अर्थात दूर्वा. भाद्रपदात गणपतीला वाहिली जाणारी हीच वनस्पती काळ्या रानातील शेतकऱ्याला नकोशी असते; कुंदा व लव्हाळा यांच्याबरोबर तिचे नाव घेतले जाते. जमिनीखालील खोडांमुळे ती नांगरूनही मरत नाही. शेतातला हा दोष अंगणात गुण ठरतो. पाणी तोडले तर हरळी तपकिरी पडते, पण मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटते. उष्ण प्रदेशातील गवतांची प्रकाशसंश्लेषणाची रीत निराळी असल्याने तेवढ्याच वाढीसाठी त्यांना क्लोव्हरच्या सुमारे निम्मे पाणी पुरते. सावली मात्र हरळीला सोसत नाही.

क्लोव्हरचा नायट्रोजनचा लाभ हवा असेल, तर हरळीत रानमेथी मिसळता येते. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम ही वनस्पती उष्ण प्रदेशातील क्लोव्हरच म्हणावी अशी आहे. तिला बारीक त्रिदली पाने व जांभळट फुले येतात, आणि ती तुडवणे व कापणे सहन करते. पावसाळ्यात ती आपोआपही उगवते. तिच्यासारखीच दिसणारी आंबुशी वेगळी असते; आंबुशीची पर्णिका बदामाच्या आकाराची, चवीला आंबट आणि फूल पिवळे असते.

लागवड

हरळीसाठी एप्रिल-मे महिन्यांत जमीन २० ते २५ सेंटिमीटर खोल खणून उन्हात तापू द्यावी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. चांगले कुजलेले शेणखत मिसळून घराच्या उलट दिशेला हलका उतार द्यावा. काळ्या मातीत पाणी साचले की मुळे कुजतात. पहिला दमदार पाऊस झाल्यावर तीन-चार पेरांचे तुकडे ७ ते १० सेंटिमीटर अंतरावर टोचावेत. त्यांच्यामध्ये रानमेथीचे मुळांसकट काढलेले तुकडे लावावेत. पावसाने साथ दिली तर सहा ते आठ आठवड्यांत जमीन झाकली जाते. पुढे ४ सेंटिमीटरपेक्षा खाली कापू नये आणि २,४-डी कधीही वापरू नये, कारण त्याने रानमेथी मरेल. कडेने विटांची २५-३० सेंटिमीटर खोल आड घालणे आवश्यक आहे. नाहीतर हरळी शेजारच्या भाजीच्या वाफ्यात शिरते आणि मग शेतकऱ्याची तक्रार घरमालकाला समजते. आंघोळीचे व कपड्यांच्या शेवटच्या धुण्याचे पाणी हरळीला चालते.

तरीही क्लोव्हर लावून पाहायचे असेल, तर दिवाळीनंतर, पूर्वेकडील भिंतीलगत दुपारची सावली मिळणाऱ्या दोन-चार चौरस मीटर जागेत लावावे. दर चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम बी पुरते. ते अतिशय बारीक असल्याने वाळूत मिसळून फेकावे आणि अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नये. गुळाच्या पाण्यात कालवून बियाला रायझोबियम संवर्धक चोळावे. मात्र ते क्लोव्हर गटाचेच हवे, कारण हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या पाकिटातील जिवाणू क्लोव्हरच्या मुळांवर गाठी करीत नाहीत. फुले आल्यावर मधमाश्या येतात, त्यामुळे मुलांना तेथे अनवाणी खेळू देऊ नये. मार्चमध्ये ते सुकू लागल्यावर जास्त पाणी देऊन वाचवण्याचा प्रयत्न न करता मातीत खणून मिसळावे. त्याच जागेत जूनमध्ये लावलेल्या हरळीला हे हिरवळीचे खत उपयोगी पडते.